खेप

दर मंगळवारी साडेतीनची बस मडगावहून.
पिशवीत पितळेची वाटी, लाकडी दांडू,
आणि सह्यांचा कागद,
कारण संस्थेला कागद लागतो.

कुडचड्यात ट्रकमालकांच्या जुन्या ऑफिसात अकरा खुर्च्या.
भिंतीवरचं कॅलेंडर
खाणी थांबल्या त्या सालात अडकलेलं.
कुणी उतरवत नाही. मीही नाही.

पहिल्या दिवशी म्हटलं, डोळे मिटा.
पुनाजी वेळीप म्हणाला,
बावीस वर्षं टिपर हाकला मी, बाय,
डोळे मिटत गेलो असतो
तर आज कुणाला शिकवलं असतंस?

हसले सगळे. मिंगेलच्या हसण्याला
भर दुपारी फेणीचा वास.
बरं, म्हटलं, उघडे ठेवा. फरशीकडे बघा.
फरशीच्या सांध्यांत अजून होती
तांबडी माती.

श्वास आत घ्या म्हटलं
तर खोलीभर खोकला उठला,
एकाचा थांबेपर्यंत दुसऱ्याचा,
जणू पुलाअलीकडे लागलेली गाड्यांची रांग.
मी थांबले. प्रशिक्षणात हे नव्हतं.
प्रशिक्षणात होतं, समुद्राची लाट डोळ्यांपुढे आणा.
ते सांगून पाहिलं.
समुद्र पर्यटकांचा, खुशाली म्हणाला,
आमच्याकडे फक्त धक्का होता, आणि बार्ज.

मग आकडे. एक ते दहा.
तिसऱ्यालाच कुणाला बँकेचा हप्ता आठवे,
कुणाला विकलेल्या गाडीचा नंबर,
अजून पाठ.

चौथ्या मंगळवारी पुनाजीनेच विचारलं,
खेपा मोजल्या तर चालतील?
आत घेतला, गाडी भरली.
सोडला, धक्क्यावर ओतली.
परत रिकामी वर.
मी म्हटलं, चालतील.

त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला
छतावरचा पंखा.
बाहेर कुणीतरी मासळीचा भाव करत होतं.
सतरा खेपा झाल्या माझ्या मोजणीत,
तेव्हा पुनाजी हळूच म्हणाला,
भरलेली गाडी घेऊन घरी कोण जातं?

मी वाटी वाजवणार होते.
खुशाली म्हणाला, मी गेलो.
रोज गेलो.
अंगणातच ओतली.
शेवंतीच्या अंगावर.

कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.
सगळे फरशीच्या सांध्यांकडे बघत राहिले,
मीच शिकवलं होतं तसं.
मला बोलायला हवं होतं.
तेवीस वर्षं नर्स होते,
अशा बायकांच्या जखमा धुतल्या,
पडले म्हणाली तर पडली असं लिहिलं.
तोंड उघडलं नाही.
वाटीही वाजवली नाही.

मिंगेल आता येत नाही.
बाजारात बारच्या दारात दिसला,
ग्लास धरलेला हात वर केला त्याने,
लांब श्वास सोडला माझ्याकडे बघत,
आणि दुसऱ्या हाताचं एक बोट दाखवलं.
एक खेप, बाय.
मला हसू आलं, मग वाईट वाटलं हसल्याचं.

पावसाळ्याआधीच्या एका मंगळवारी
दारात एक बाई उभी, हातात छत्री, ऊन असताना.
शेवंती. म्हणाली, तो हल्ली
घरात शिरण्याआधी गडग्यावर बसतो थोडा वेळ.
काय मोजतो देव जाणे.
मारत नाही, हे खरं.
पण त्याची पावलं वाजली
की माझं अंग अजून आखडतं.
त्याला शिकवलंस. माझ्या अंगाला कोण शिकवणार?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खुर्ची होती,
मिंगेलची.
बसली. श्वासाबद्दल मी काही बोलले नाही.
पाचव्या मिनिटाला तिची मान कलली,
छत्री मांडीवरून घसरू लागली,
ती पुनाजीने आवाज न करता धरली
आणि धरूनच बसला.

पाच वाजले. साडेपाच.
माझी बस गेली ती ऐकली मी,
वळणावर हॉर्न देते.
सगळे बसून होते, दांडू माझ्या हातात.
कागदावर तिच्या नावापुढे
काय लिहायचं, ते अजून कोरं आहे.